वरचा विस्तव: आंबेगाव-जुन्नरच्या चुली आणि भट्टीविना पिझ्झा

अन्न भाजण्याच्या जितक्या रीती माणसाने बसवल्या, त्यांची विभागणी पदार्थाला उष्णता कोणत्या बाजूने मिळते या एका प्रश्नावरून करता येते. तव्यावर ती केवळ खालून मिळते. भट्टीत, म्हणजे भिंती आणि घुमट तापवलेल्या बंद पोकळीत, ती खालून, बाजूंनी आणि विशेषतः वरून मिळते. पिझ्झा हा पदार्थ दुसऱ्या प्रकारात मोडतो, कारण त्याची पोळी खालून भाजली जात असतानाच वरचा टोमॅटोचा रस आटावा लागतो आणि चीज वितळून त्यावर तपकिरी ठिपके उठावे लागतात. त्यामुळे गॅसच्या शेगडीवर, कढईत किंवा तव्यावर झाकण ठेवून पिझ्झा करण्याचा घरगुती खटाटोप हा नाइलाजाने पत्करलेला दुय्यम मार्ग समजला जातो. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांचा स्वयंपाकाचा इतिहास समोर ठेवून हा समज तपासला, तर तो अर्धाच खरा ठरतो. या भागातील घरांत भट्टी कधीच नव्हती, परंतु पदार्थाला वरून उष्णता देण्याची सोय प्रत्येक चुलीपाशी होती. ती मागे पडली ती गॅस आल्यावर, आणि पिझ्झा घरात शिरला तो नेमका त्यानंतर.

या दोन तालुक्यांची निवड केवळ सोयीची नाही. तळेघर हे आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाचे, घोडेगावाहून भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव असून त्याच्या आसपासचा सह्याद्रीच्या माथ्याचा पट्टा प्रामुख्याने महादेव कोळी समाजाच्या वस्तीचा, मुसळधार पावसाचा आणि भात, नाचणी व वरई या धान्यांचा आहे. याच तालुक्याच्या पूर्वेकडील सपाटीवर मंचर येथे १९९२ मध्ये सुरू झालेला पराग मिल्क फूड्स हा दुग्धव्यवसाय असून तेथील चीजचा कारखाना देशातील मोठ्या कारखान्यांत गणला जातो. शेजारच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगावचा टोमॅटोबाजार तर राज्याबाहेरच्या व्यापाऱ्यांनाही परिचित आहे. जुलै २०२३ मध्ये देशभर टोमॅटोचे भाव कडाडले, तेव्हा येथे वीस किलोच्या एका क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव मिळाल्याच्या बातम्या सर्वत्र पोहोचल्या होत्या. या सपाटीच्या बागायतीला पाणी मिळते ते कुकडी प्रकल्पातील धरणांचे, आणि त्यांपैकी घोड नदीवरील डिंभे धरण हे तळेघरच्याच बाजूच्या डोंगरांचे पाणी अडवते. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने गाव या धरणाच्या जलाशयाखाली गेले आहे. पिझ्झ्यावर पसरल्या जाणाऱ्या दोन मुख्य जिनसांचा पुरवठा अशा रीतीने या एका नदीखोऱ्याच्या आणि त्याच्या शेजाराच्या आधाराने उभा आहे. राहतो तो प्रश्न पोळीचा आणि विस्तवाचा, आणि त्याचा इतिहास बराच मागे नेता येतो.

घोड नदी आंबेगावातून पुढे शिरूर तालुक्यात जाते, आणि तेथे तिच्या काठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे दगडाबरोबर तांब्याची हत्यारे वापरणाऱ्या, शेतकऱ्यांच्या वसाहतीत शंभरावर घरांचे अवशेष मिळाले. सातू हे तेथील प्रमुख धान्य होते, आणि घरांच्या आत व अंगणांत चुलींच्या व विस्तवाच्या खड्ड्यांच्या खुणा सापडल्या. त्या लोकांच्या जेवणात पेज किती आणि भाजलेली पोळी किती, हे ठरवण्याचा मोह येथे आवरलेला बरा. मात्र घोड नदीच्या खोऱ्यात घरागणिक विस्तव होता आणि तो विस्तव स्वयंपाकाचा होता, एवढी नोंद या लेखाच्या प्रयोजनाला पुरते.

जुन्नरचा ऐतिहासिक पुरावा अधिक बोलका आहे. सातवाहनकाळी नाणेघाटातून चढणारा माल जुन्नरला येत असे, आणि तेथील बौद्ध लेण्यांतील ब्राह्मी लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा, म्हणजे व्यवसायसंघाचा, तसेच बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. याच लेखांपैकी शिवनेरीच्या एका लेखात चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दान दिल्याचे कोरलेले आहे. यवन हा शब्द त्या काळी ग्रीक किंवा एकूणच पश्चिमेकडून आलेल्या परकीयांसाठी वापरला जात असे. भूमध्य समुद्राच्या बाजूचा माणूस आणि जुन्नरचे जेवणघर यांची सांगड पाहून पिझ्झ्याची वंशावळ थेट सातवाहनांपर्यंत भिडवणारा उत्साही संशोधक एखादे दिवशी निघेलच. लेखात मंडप आहे, पदार्थ नाही.

भाजलेल्या पोळीचा स्पष्ट ग्रंथाधार मध्ययुगात मिळतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात मंडक नावाच्या गव्हाच्या पदार्थाची कृती असून तो तापलेल्या खापरावर भाजण्यास सांगितले आहे. खानदेशात आजही केले जाणारे मांडे ते हेच. खापर म्हणजे मातीचे भाजलेले पसरट भांडे. ते चुलीवर पालथे घालतात, खालून जाळ लावतात, आणि हातांवर झेलून रुमालासारखी पातळ केलेली पोळी त्याच्या फुगीर पाठीवर टाकतात. या साधनाला वारकरी परंपरेत एक कथा चिकटलेली आहे: विसोबा चाटीने गावच्या कुंभाराला खापर देण्यास मनाई केल्यामुळे मुक्ताबाईची अडचण झाली, तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि तिने त्या पाठीवर मांडे भाजले. ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असे मानतात त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातील आळे येथे दाखवली जाते, त्यामुळे ही कथाचक्रे या भागाला घरची आहेत. भक्तीचा भाग बाजूला ठेवून कथेकडे सामाजिक पुरावा म्हणून पाहिले, तर तिच्यातून दोन गोष्टी कळतात. पोळी भाजण्याचे साधन कुंभाराकडून येत होते, आणि ते न मिळणे म्हणजे बहिष्काराचा फटका सरळ स्वयंपाकघराला बसणे होते. बहिष्कार घालणाऱ्याला बंद करण्यासारखी गावाची सामाईक भट्टी मात्र कथेत कोठेही नाही, कारण ती गावात नव्हतीच.

गव्हाचे मांडे हे सणासुदीचे किंवा सुखवस्तू घरचे अन्न झाले. तळेघरच्या पट्ट्यात गहू पिकत नाही. तेथील रोजची भाकरी तांदळाची किंवा नाचणीची. या धान्यांच्या पिठात गव्हासारखा ताणला जाणारा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात घालून त्याची उकड काढतात, काठवटीत, म्हणजे लाकडी परातीत, ती मळतात आणि गोळा लाटण्याऐवजी थापतात. थापलेली भाकरी पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाकली जाते आणि तिच्यावरून लगेच पाण्याचा हात फिरवतात. ते पाणी वरची बाजू तडकू देत नाही आणि सुकले की भाकरी उलटण्याची वेळ झाल्याचे सांगते. दुसरी बाजू तव्यावर पक्की झाली की भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांपुढे उभी करतात, आणि तेथे ती फुगून तिचा पापुद्रा सुटतो. या शेवटच्या पायरीकडे सहसा कोणी बारकाईने पाहत नाही, परंतु भाजण्याच्या शास्त्रात ती निर्णायक आहे. तव्यावरची उष्णता लोखंडाच्या किंवा मातीच्या स्पर्शाने मिळते, तर निखाऱ्यांपुढची उष्णता हवेतून किरणांच्या रूपाने येते, आणि भट्टीचा घुमट जे काम करतो ते हेच. एक भाकरी अशा रीतीने दोन विस्तवांवर होते: पहिला तव्याखालचा जाळ आणि दुसरा त्या जाळातून मागे उरलेला निखारा.

निखाऱ्याचा हा साठा चुलीच्या व्यवस्थेतच धरलेला असे. मुख्य चुलीला जोडून वैल असतो, म्हणजे सरपण न घालता मुख्य चुलीची वाया जाणारी धग ज्याच्याखालून खेळवली जाते असे दुसरे तोंड. त्यावर आमटी किंवा पाणी तापत राही. चुलीच्या पुढ्यात ओढलेले निखारे भाकरी शेकायला, वांगे किंवा सुकट भाजायला उपयोगी पडत, आणि रात्री ते राखेत पुरून सकाळी फुंकणीने पुन्हा फुलवले जात. विस्तव ही त्या घरात हवी तेव्हा पेटवायची आणि विझवायची गोष्ट नव्हती. तिचे जाळ, निखारा, फुफाटा आणि राख असे एकामागून एक टप्पे असत आणि प्रत्येक टप्प्याला नेमून दिलेले काम असे.

निखारा खाली ओढण्याऐवजी पदार्थाच्या वर ठेवला की घरात भट्टी तयार होते, आणि ही युक्ती महाराष्ट्र-गोव्यात सर्वदूर माहीत होती. पाठारे प्रभूंच्या घरांतील भानोले, म्हणजे कोबी, कोलंबी आणि बेसन यांचा जाड थर, शेगडीवर ठेवून त्याच्या झाकणावर निखारे पसरून भाजले जाई. कोकणात काकडी, तांदळाचा रवा आणि गूळ यांचे धोंडस जाड बुडाच्या पातेल्यात घालून खाली मंद आच आणि वर निखाऱ्यांचे झाकण अशा बेताने करत. गोव्याच्या बेबिंकमध्ये तर नारळाच्या दुधाचा आणि अंड्यांचा एक थर वरच्या आचेने पक्का झाल्याशिवाय दुसरा ओतताच येत नाही. घाटावर आणि विदर्भात रोडगे व बट्ट्या गोवऱ्यांच्या विस्तवात पुरून भाजतात, म्हणजे तेथे भांडेही लागत नाही. पानगी ही केळीच्या किंवा हळदीच्या दोन पानांमध्ये दाबून तव्यावर भाजली जाते. वरचे पान वाफ कोंडते आणि पानगी उलटली की वरची बाजू खाली येते. या सर्व पदार्थांची चव, जात आणि प्रदेश वेगवेगळे असले, तरी तव्याची एकेरी आच पुरत नाही तेथे काय करावे, या एकाच प्रश्नाची ती उत्तरे आहेत.

मग भट्टी घरात का आली नाही? इंधन हे पहिले कारण आहे: घुमट तापवायला जेवढी लाकडे लागतात तेवढ्यांत एका कुटुंबाचा कित्येक दिवसांचा स्वयंपाक होतो, म्हणून भट्टी परवडते ती शेकड्याने पाव भाजणाऱ्यालाच. दुसरे कारण धर्माचाराचे आहे आणि त्याचा इतिहास अधिक रंजक आहे. किण्वाने फुगवून भट्टीत भाजलेला पाव पश्चिम किनाऱ्यावर रुजवला तो पोर्तुगीजांनी, गोव्यात आणि वसईच्या परिसरात; गोव्यातील पोदेर, म्हणजे पाव करणारे व्यावसायिक, पीठ आंबवण्यासाठी माडाची ताडी वापरत. पाव हा परधर्मीयाच्या हातचा आणि त्यातही पाण्याने मळलेला, त्यामुळे तो खाणे म्हणजे बाटणे अशी समजूत पक्की झाली, आणि विहिरीत पाव टाकून अख्खे गाव बाटवल्याच्या कहाण्या त्यातूनच पसरल्या. मुंबईत १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर आदींनी स्थापलेल्या परमहंस मंडळी या गुप्त सुधारक संस्थेत प्रवेश करणाऱ्याला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे, तो जातिभेद मोडल्याची खूण म्हणूनच. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्याचा आरोप न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर आला, तेव्हा प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्तांवर मिटले. पंक्तीच्या राजकारणात ज्या वस्तूला एवढे वजन होते, ती भाजणारे यंत्र सोवळ्याच्या स्वयंपाकघरात बसणे अशक्यच होते.

विसाव्या शतकात हा विटाळ हळूहळू विरला आणि बेकरी हा शहरी जीवनाचा भाग झाला. पुण्याच्या लष्कर भागातील १९५५ ची कयानी बेकरी आणि तिच्यासारखी इराणी दुकाने मध्यमवर्गीय मराठी घरांत ओळखीची झाली. तरीही भट्टी घरात आली नाही, घर भट्टीकडे गेले. दिवाळीच्या आधी घरचे तूप, साखर, मैदा आणि रवा डब्यात भरून बेकरीत न्यायचे, तेथे नानकटाई वळून पत्र्यांवर मांडायची आणि भाजणावळ देऊन डबे भरून घरी आणायची, ही रीत अनेक शहरांत आणि तालुक्याच्या गावांत वर्षानुवर्षे चालली. सामान आपले, विस्तव दुसऱ्याचा, अशी ही वाटणी होती आणि तिच्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

पिझ्झ्याच्या मूळ देशातील स्थितीही याहून फार वेगळी नव्हती, हे येथे मुद्दाम सांगावे लागते. नेपल्स शहरातील गरिबांच्या खोल्यांत भट्ट्या नव्हत्या. पिझ्झा हा भटारखान्यात भाजून रस्त्यावर विकला जाणारा पदार्थ होता, घरी करायचा नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत भट्टी पेटवणे जड गेले, तेव्हा याच शहरात कढईत तळलेला पिझ्झा फोफावला आणि तो आजही तेथे मानाने विकला जातो. त्याहून मागे गेल्यास इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन लेखक केटो याने शेतीवरील आपल्या ग्रंथात भाकर मळून ती मातीच्या झाकणाखाली भाजण्याची कृती दिलेली आढळते. अशा झाकणावर विस्तव चढवून वरची आच मिळवीत. म्हणजे लाकडाची घुमटाकार भट्टी हे पिझ्झ्याचे एकमेव जन्मस्थान ठरवणारा दंडक बराच अलीकडचा आहे. अस्सल नेपल्सी पिझ्झ्याचे नियम ठरवणारी संघटना १९८४ मध्ये स्थापन झाली. भट्टीचे तापमान सुमारे ४८५ अंश सेल्सियस आणि भाजण्याचा वेळ ६० ते ९० सेकंद हे निकष तिने प्रमाण केले. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला तो २०१७ मध्ये. हे निकष धंद्याच्या भट्टीसाठी योग्य असतील, पण त्यांवरून घरच्या तव्याला नापास करणे म्हणजे नेपल्सच्याच अर्ध्या इतिहासाला नापास करणे होय.

मराठी घरातील विस्तव बदलण्यास सुरुवात झाली ती रॉकेलच्या स्टोव्हने. आधी पंपाचा आणि मग वातीचा स्टोव्ह शहरांत व नंतर खेड्यांत पोहोचला, आणि १९५५ मध्ये बर्मा-शेल कंपनीने मुंबईत घरगुती गॅसची विक्री सुरू केली. ग्रामीण भागात गॅसचा मोठा प्रसार व्हायला मात्र मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेपर्यंत वाट पाहावी लागली. धूर गेला, डोळ्यांची आग गेली, सरपणासाठीची वणवण कमी झाली, आणि १९८५ मध्ये भीमाशंकरचे अभयारण्य जाहीर झाल्यावर ज्या जंगलात लाकूडतोडीवर निर्बंध आले होते त्या जंगलावरचा भारही काहीसा हलका झाला. हे लाभ इतके मोठे आहेत की चुलीविषयी हळवे होऊन लिहिणाऱ्यांनी ते आधी मोजावेत. तरीही तंत्राच्या दृष्टीने एक गोष्ट हरवली आणि तिची नोंद क्वचितच होते. गॅसच्या ज्योतीला निखारा नसतो. ती विझली की मागे काही उरत नाही, आणि झाकणावर ठेवण्यासारखे काहीच उरत नसल्यामुळे भानोले, धोंडस यांसारखे दुहेरी आचेचे पदार्थ एक तर विजेच्या ओव्हनकडे सरकले किंवा वाफवले जाऊ लागले. मधल्या काळात काही घरांनी काचेची खिडकी असलेला गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन घेऊन पाहिला, परंतु भारनियमनाच्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात तासन् तास वीज नसे, आणि केक अर्धा भाजून ओव्हन थंड पडण्याचा अनुभव घेतलेली घरे पुन्हा कुकरकडे वळली. कुकरची शिट्टी आणि रबरी कडे काढून, तळाशी मीठ किंवा वाळू पसरून त्यात केक भाजण्याची युक्ती ही याच काळाची गरज होती.

याच सुमारास पिझ्झा आला. डॉमिनोज आणि पिझ्झा हट या दोन्ही अमेरिकी साखळ्यांची भारतातील पहिली दुकाने १९९६ मध्ये, अनुक्रमे दिल्लीत आणि बंगळुरूत, उघडली, आणि पुढील दशकभरात त्या पदार्थाची हौस त्या दुकानांच्या कितीतरी पुढे पसरली. हौस पोहोचली तेथे दुकान नव्हते आणि ओव्हनही नव्हता, म्हणून स्थानिक बेकऱ्यांनी भाजून ठेवलेल्या जाड गोल पोळ्या, म्हणजे पिझ्झा बेस, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून विकायला सुरुवात केली. नानकटाईच्या वेळची वाटणी येथे उलटी झाली: भट्टीचे काम बेकरीत आधीच उरकलेले, आणि घरी उरले ते फक्त चीज वितळवणे.

पोळी घरीच मळायची असेल तर काम अधिक रोचक होते. मैद्याच्या किंवा गव्हाच्या पिठात यीस्ट नसेल तर दही आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. दह्यातील आम्लाची सोड्याशी क्रिया होऊन वायू सुटतो आणि पीठ हलके होते. अर्ध्या सेंटीमीटरइतकी जाड पोळी लाटून तिला काट्याने सर्वत्र टोचे मारावे लागतात, आणि येथे तव्याची दोन अपत्ये परस्परविरुद्ध वागतात: भाकरीचा पापुद्रा सुटला नाही तर ती बिघडली असे मानतात, तर पिझ्झ्याच्या पोळीला पापुद्रा सुटला तर वरचे सारण घसरते. टोचलेली पोळी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, जाड तव्यावर एका बाजूने डाग पडेपर्यंत भाजून उलटतात, आणि भाजलेली बाजू वर आली की तिच्यावर टोमॅटोचा दाट रस आणि चीज पसरून झाकण ठेवतात. हा उलटण्याचा डाव म्हणजे हरवलेल्या वरच्या आचेची भरपाईच होय. वरून भाजता येत नाही म्हणून वरची बाजू आधीच खालून भाजून घेतलेली असते. सारण घालण्यापूर्वी ती बाजू पक्की झाल्यामुळे रस पोळीत झिरपत नाही, हा आणखी एक फायदा.

झाकणाखाली पुढे जे घडते त्यात भट्टी आणि तवा यांतला खरा फरक दिसतो. भट्टीतील हवा कोरडी आणि तापलेली असते, तर झाकणाखाली टोमॅटो, कांदा आणि ढोबळी मिरची यांतून निघालेली वाफ कोंडते, थंड झाकणाला लागून तिचे थेंब होतात आणि ते चीजवर टपकतात. म्हणून रस आधीच आटवून घेणे, भाज्या वेगळ्या परतून त्यांचे पाणी काढणे आणि शेवटची दोन मिनिटे झाकण किंचित कललेले ठेवणे या तीन खबरदाऱ्या घ्याव्या लागतात. एवढे करूनही चीज वितळते, पण त्यावर तपकिरी ठिपके उठत नाहीत, कारण चीज वितळण्यास जेवढी उष्णता लागते तिच्या दुपटीहून अधिक उष्णता रंग धरायला लागते आणि वाफेच्या कोंडीत ती मिळत नाही. यावर एक जुना उपाय आहे: दुसरा लोखंडी तवा वेगळ्या शेगडीवर रसरशीत तापवून तो पिझ्झ्याच्या वर, चीजला न टेकता, झाकणासारखा पालथा धरणे. युरोपातील स्वयंपाकघरांत याच कामासाठी लांब दांड्याची लोखंडी चकती विस्तवात तापवून वापरत. निखाऱ्याच्या जागी तापलेले लोखंड आले, एवढाच काय तो बदल.

अलीकडे नाचणीच्या पिझ्झ्याची चर्चा वाढली आहे आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळल्यापासून तिला सरकारी प्रोत्साहनाचीही जोड मिळाली आहे. बाजारातील बहुतेक नाचणी बेसमध्ये मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, कारण नाचणीच्या पिठात वायू कोंडून धरणारी ग्लुटेनची जाळी तयार होत नाही आणि यीस्ट घातले तरी ते फुगत नाही. निव्वळ नाचणीची पोळी हवी असेल तर तिला भाकरीचाच मार्ग धरावा लागतो: उकड काढायची, थापायची, पाण्याचा हात फिरवायचा. फरक एवढाच की ती निखाऱ्यापुढे फुगू न देता जाडसर ठेवायची, अन्यथा पापुद्रा सारणाच्या ओझ्याने खचतो. अशी पोळी मऊ असते तोवरच खावी लागते. निवाली की ती कडक होते आणि मैद्याच्या पोळीसारखी दुमडता येत नाही.

भीमाशंकरच्या वाटेवरील या डोंगरपट्ट्यात गॅस आल्यानंतरही चूल सर्वस्वी गेलेली नाही. सिलिंडर महाग पडतो, भरून आणायला लांब जावे लागते, आणि पावसाळ्यात घर ऊबदार ठेवण्याचे व कपडे-धान्य सुकवण्याचे काम ज्योतीने होत नाही. त्यामुळे चहा आणि घाईचा स्वयंपाक गॅसवर, तर भाकरी चुलीवर अशी विभागणी अनेक घरांत आढळते. तंत्राच्या हिशेबाने पिझ्झ्याला लागणारी वरची आच पुण्यातील सदनिकेपेक्षा अशा घरात अधिक सहज मिळते: तवा चुलीवर, वर खोलगट लोखंडी झाकण आणि झाकणावर चुलीतून ओढलेले चार निखारे. अडचण विस्तवाची राहत नाही, ती चीजची होते. त्याच तालुक्याच्या पूर्व भागात तयार होणारे चीज टिकवायला शीतकपाट आणि अखंड वीज लागते, आणि मंचरहून निघालेला थंड मालाचा ट्रक पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या महामार्गाने जातो, भीमाशंकरच्या घाटाने नव्हे.